डाव्या पायाखालचा डबा

माझ्या एकोणिसाव्या वर्षी मला आमच्या गल्लीतली एकूण एक माणसं चोर वाटत होती. म्हातारी, तान्ही, अधू, सगळी. दारात भाकरीच्या तुकड्यासाठी बसणारं कुत्रंसुद्धा कुणीतरी पाठवलेलं वाटायचं. आज ती एकोणीस वर्षांची मी समोर आले तर त्या पोरीला आधी गुळाचा खडा देईन आणि मग पाठीत धपाटा घालीन.

गल्ली वडगावातली, विणकरांची. दोन्ही अंगांना मिळून चौदा घरं आणि घरटी एक माग. आमच्या घरात तिघंच: मी, माझी सासू आणि मालक. सासूला मी आत्ती म्हणायची. मालक म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि आता घ्यावंसं वाटलं तर ऐकायला ते नाहीत. मालक दुसऱ्याच्या सुतावर लुगडी विणायचे. सूत व्यापाऱ्याचं, रंग व्यापाऱ्याचा, लुगडंही त्याचंच. आमची फक्त मजुरी. सासऱ्यांनी तेच केलं, त्यांच्या बापानंही तेच. आपल्या सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, आपल्या मागावर चढवायचा, एवढी एकच हौस मालकांना होती, आणि ती ते कांदा फोडताना सांगावी तशी सहज सांगायचे, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

शनिवारच्या बाजारात गोव्याकडचा एक काजूवाला बसायचा. काजूच्या पाटीखाली तो लॉटरीची तिकिटं ठेवायचा. मागाचा नवा धोटा आणायला दिलेल्या पैशांत मालक एकदा तिकीट घेऊन आले. मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, ते न बोललेलं बरं होतं असं आत्ती म्हणाल्या. तिकीट देवाच्या फळीवर पंचांगात जाऊन पडलं आणि आम्ही विसरलो.

दीड महिन्यानं तोच काजूवाला, शनिवार नसताना, आमची गल्ली विचारत आला. हातात काजूचा पुडा, आणि तो फुकट. फुकटचा पुडा बघून मला पहिली शंका आली. ती पुढं चार महिने गेली नाही.

आमच्या तिकिटाला बक्षीस लागलं होतं. रक्कम किती ते मी आजही सांगणार नाही. सवय. एवढंच सांगते की त्या पैशांत आमच्यासारखी चार घरं मागांसकट आली असती. मालक रेल्वेनं गोव्याला गेले. जाताना मी त्यांच्या बंडीला आतून खिसा शिवून दिला आणि सांगितलं, पैसे घातले की तिथंच सुईदोऱ्यानं तोंड शिवून टाका. सहाव्या दिवशी ते पोतंभर नारळ घेऊन आले. वाटेत दोन दिवस बंडी काढली नव्हती, अंगाला वास येत होता, आणि टाके इतके घट्ट घातले होते की शेवटी बंडीच फाडावी लागली. नोटा बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला ती दोघंसुद्धा परकी वाटली.

"कॅम्पातल्या बँकेत ठेवूया," मालक म्हणाले.

"कुणाची हाय ती बँक? तुमच्या वळखीची?"

"न्हाय."

"मग?"

हा 'मग' मला तेव्हा फार बिनतोड वाटला होता.

"सोनं करूया," आत्ती म्हणाल्या.

"सोनाराला बायको हाय, आत्ती. ती पाण्याला येती. पाण्याला सगळ्याच येतात."

शेवटी जागा मी शोधली. आमच्याकडं माग जमिनीत असतो. विणणारा खड्ड्याच्या कडेला बसतो आणि पाय खाली सोडतो. खड्ड्यात पायानं दाबायच्या दोन फळ्या असतात, त्यांना आम्ही पावड्या म्हणतो. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, मधनं धोटा पळतो. दिवसभर मालकांचे पाय त्या खड्ड्यात. त्यांच्या पायाखालून कोण काय काढणार? नोटांना वाळवी लागेल म्हणून त्यातल्या बऱ्याच मोडून बंदे रुपये करून घेतले, तेही पाच दुकानांतून, म्हणजे कुणाला संशय नको. एकाच माणसानं पाच दुकानांत जाऊन रुपये मागितल्यावर संशय येतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं पितळी डब्यात भरलं आणि भर दुपारी दार लावून डावीकडच्या पावडीखाली पुरलं. वर शेण सारवलं.

आत्ती खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. "लक्ष्मीवर पाय ठिवून इणणार व्हय रं तू? तुझा बाप सकाळी मागाच्या पाया पडल्याबिगर खाली उतरला न्हाय कधी."

मालकांचा चेहरा पडला. मी मध्ये पडून तोड काढली. डावा पाय पूर्ण दाबायचा नाही. पावडी जमिनीला टेकू द्यायची नाही. तेवढं केलं की पाय लागला असं होत नाही. आत्तींनी देवाकडं बघून ते मान्य केलं. त्या दिवसापासून मालक रोज पाय धुऊन, खड्ड्याला हात जोडून खाली उतरायला लागले.

गल्लीत मी सांगितलं, पन्नास रुपये लागले. घरटी अर्धा नारळ आणि गूळ वाटला. समोरच्या घरात एक विधवा बाई होती, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. तिनं नारळ घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं गं." बस. पुढं काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. पन्नासाचं काय करणार, कधी आणले, काही नाही. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगणारी ही गल्ली, आणि हिला पन्नास रुपयांची चौकशी करावीशी वाटू नये? ह्या सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवलंय, अशी माझी खात्री झाली.

मग मी गरिबीचं सोंग घेतलं. पैसे नव्हते तेव्हा मी कधी रडले नव्हते. ते आल्यावर रोज रडायला लागले. चांगल्या लुगड्याला ठिगळ लावलं. विहिरीवर तेल महागलं म्हणून उसासे टाकले. आत्तींनी एकदा ऐकलं आणि घरी येऊन म्हणाल्या, "एवढं रडू नगंस. लोक दाणं आणून द्यायचं." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी आक्का शेर-दोन शेर जोंधळे घेऊन आली. मी ते घेतले, आणि आधी कोंबडीला घातले. कोंबडी मेली नाही. तरी मी आणखी एक दिवस थांबले.

कंग्राळीहून मालकांचे लांबचे चुलते पाटीभर रताळी घेऊन आले. त्यांना शेतातून सवड मिळाली म्हणून आले होते. मी त्यांना सोप्यात असं बसवलं की मागाकडं त्यांची पाठ राहील. ते पाणी प्यायला वळले की मी मध्ये. "पोरीला सांधं धरल्यात काय गं, सारखी उठतीया बसतीया," असं त्यांनी आत्तींना विचारलं.

असे चार महिने गेले. आता आठवतं तेव्हा कळतं की डोळ्यांसमोर सगळं होतं, पण मी नको तिथं बघत होते. शेजारच्या घरात गल्लीतले सगळ्यात जुने विणकर राहायचे, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते एकदा मालकांना म्हणाले, "पाय दुखतोय काय रं तुझा?" मालक म्हणाले, "न्हाय आप्पा." आप्पा 'हं' म्हणून गेले. व्यापाऱ्यानं एक लुगडं उजेडात धरून इकडून तिकडून बघितलं, मालकांकडं बघितलं आणि घडी घातली. गल्लीतली पोरं आमच्या दारावरून जाताना एक पाय जोरात आणि एक पाय हळू टाकत जायला लागली, खटाक्, खट्, खटाक्, खट्, आणि पुढं जाऊन खिदळायची. मला वाटलं, काहीतरी नवीन खेळ निघालाय.

संक्रांत झाल्यावर मालकांनी डब्यातले थोडे पैसे काढले आणि सूत आणलं. आपलं सूत. बारीक, एकसारखं. ते घरात आलं त्या दिवशी मालक जेवले नाहीत, नुसते लडी उलटून पालटून बघत बसले. चार लुगड्यांचा ताणा त्यांनी स्वतः मोजून लावला. आत्ती आणि मी पंधरा दिवस सूत उकलत होतो. तीन पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या मागावर आमचा ताणा चढणार होता. राहिली होती फक्त पांजणी.

पांजणी म्हणजे ताण्याला खळ लावणं. पहाटे सगळा ताणा गल्लीत लांब पसरतात, आमच्या दारापासून पार मारुतीच्या पारापर्यंत. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेली खळ धाग्यांना चोळायची आणि कुंच्यांनी एका दिशेनं ओढत न्यायची, धागा धाग्याला चिकटायच्या आत. ऊन चढायच्या आधी संपलं पाहिजे. हे एका घराचं काम नाही. दहा-बारा हात लागतात, आणि ते हात जाणते लागतात. म्हणून ज्याची पांजणी त्याच्या दारात सगळी गल्ली येते. आज तुमच्या, उद्या माझ्या. ह्याला पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. काम झाल्यावर ज्याची पांजणी त्याच्या घरचं उप्पीट आणि चहा, एवढंच.

आता माझं डोकं बघा. पांजणीच्या दिवशी दार सताड उघडं. कुणी पाण्याला आत येणार, कुणी खळ न्यायला, कुणी दोरी शोधायला. दहा-बारा माणसं, चार महिने टपून बसलेली, आणि माग रिकामा, खड्ड्यात मालकांचे पाय नाहीत.

मी विहिरीवर गेले आणि चार बायकांसमोर म्हणाले, "आमच्या पांजणीला तुमी तरास घिऊ नगासा. आमी माणसं सांगितल्यात. पैसं देऊन."

एकीचा दोर हातात थांबला. आक्का घागर काखेत घेत म्हणाली, "पैसं देऊन."

"व्हय. उगंच तुमची कामं खोळंबाया नगंत."

"बरं," आक्का म्हणाली, आणि गेली.

घरी मी हे सांगितलं नाही. अनगोळकडची चार माणसं ठरवली होती. कामसू होती बिचारी, भिंतींना चुना मारायची. कुंचा तो कुंचा, असा माझा हिशेब.

पांजणीच्या पहाटे मालक आंघोळ करून, नवी टोपी घालून बाहेर आले. ताणा पसरला, काठ्या रोवल्या, दोर ताणले. मग ते उभे राहिले, वाट बघत. एकही दार उघडलं नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ती चौघं आली, खांद्यावर कुंचे, अंगावर चुन्याचे ठिपके.

"ही कोण?" मालकांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी विसरले असते. ते नुसते दारांकडं बघत राहिले, एकेका दाराकडं, आणि मग खाली वाकून खळीचं भांडं उचललं, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही.

त्या माणसांचा काही दोष नव्हता. त्यांनी भिंतीला मारावं तसा कुंचा मारला, आडवा, उभा, दाबून. एकानं विचारलं, "किती हात द्यायचं?" खळ कुठं गोळ्यानं बसली, कुठं लागलीच नाही. सूर्य पारावरच्या पिंपळावर आला आणि वारं सुटलं. धागे चिकटायला लागले. मालक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते, बोटांनी धागे सोडवत, आणि इकडं सोडवले की तिकडं चिकटत. एक तुटला. मग चार तुटले. तुटलेला धागा मागं उडतो तेव्हा बारीक आवाज होतो. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, कारण गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. त्या वेळेला एरवी तेरा माग चालू असायचे. तेराही बंद. सगळी घरं दाराच्या फटीतून बघत होती.

आत्ती घरातून आल्या, ताण्याच्या बाजूला गल्लीत मधोमध मांडी घालून बसल्या आणि मला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी मेले की खांदा द्यायला बी माणसं सांगून ठेव गं. चार बास. पैसं डब्यात हायतच."

'डब्यात' हा शब्द त्यांनी भर गल्लीत उच्चारला होता. ताणा वाळतोय, नवरा रडकुंडीला आलाय, तीन पिढ्यांची हौस मातीत चाललीय, आणि मी वळून बघितलं ते आमच्या दाराकडं, कुणी आत तर शिरलं नाही ना म्हणून. ती एकोणीस वर्षांची शहाणी अशी होती.

आप्पांचं दार उघडलं. ते काठी टेकत माझ्यापाशी आले, मालकांकडं गेले नाहीत.

"पोरी, एक काम करशील?"

"काय, आप्पा?"

"डाव्या पावडीखालचा डबा तेवढा हलीव."

माझं पाऊल आपोआप दाराकडं वळलं.

"चार म्हैनं झालं ह्याचा माग लंगडतोय," आप्पा म्हणाले. "उजवा पाय खटाक्, डावा खट्. अगं, आमी विणकर. कुणाच्या घरात भांडान झालं ते आमाला मागावनं कळतं. दुसऱ्या दिवशीच कळलं, डावीकडं पुरलंय. पोरास्नी बी ठाव हाय. त्या लंगड्या आवाजानं माझा सुदीक पाय चुकाया लागलाय."

मालक हातात तुटलेले धागे धरून तसेच उभे. त्यांचे कान लाल झाले होते.

"मग कुणी..." एवढंच मी म्हणाले.

"कुणी काय?" आक्का दारात आली होती, पदर खोचत. "न्हेलं का न्हाय, म्हून इचारतीस? कसं न्हेणार? दिसभर तुझा मालक त्याच्यावर बसतोय आन् तू मालकावर." आणि मग माझ्याकडं न बघता तिनं एका चुनेवाल्याच्या हातातला कुंचा घेतला. "द्या इकडं. आन् जावा आत, पाणी प्या. लई केलंसा."

एकेक दार उघडत गेलं. आप्पांनी तोंडानं सांगायला सुरुवात केली, पाणी मारा, हितं सैल सोडा, तितं हात फिरवा, आणि अकरा जोड्या हात धाग्यांवरून चालायला लागले, एका लयीत. एका लुगड्याचा ताणा गेला तो गेलाच. तीन लुगड्यांचा वाचला.

मध्येच आक्का खळीचं रिकामं भांडं घेऊन आमच्या घरात गेली. मी तिच्या मागं गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. ती मागाच्या खड्ड्याला वळसा घालून गेली, रांजणापाशी थांबली आणि पाणी घेता घेता म्हणाली, "ये, ये. एकटीला भ्या वाटतं मला तुमच्या घरात."

ऊन डोक्यावर यायच्या आत पांजणी झाली. मी उप्पीट केलं, आणि मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी खाल्लं. त्या चुनेवाल्यांनीही खाल्लं. मी त्यांना ठरलेली मजुरी द्यायला गेले तर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "काम तर आमी नासवलं. उप्पिटावर भागलं." त्याच्या हातात मी बळंच पैसे ठेवले. त्या दिवशी पैसे कुणीच घेईना, ह्याचीही मला शंका आली होती.

लोक आपापल्या घरी गेले. मालक आणि आत्ती ताणा गुंडाळून पारापाशी बसले होते. गल्लीतले माग परत सुरू झाले. मी घरात आले, दार लावलं, कडी घातली, आणि हातात उलथनं घेऊन खड्ड्यात उतरले.

हे मी मालकांना पुढं कधीही सांगितलं नाही. पण चौदा घरांना चार महिने ठाऊक असलेला डबा आहे तसा असेल, ह्यावर विश्वास ठेवण्याएवढी मी शहाणी झाले नव्हते. डावी पावडी बाजूला केली. वरचा थर खरवडला. माती घट्ट होती, उलथनं वाकलं. मी जोर करून उकरत राहिले, खर्र, खर्र. डब्याचं झाकण लागलं. वर ओढला, मांडीवर घेतला, उघडला. होतं. सगळं होतं. सुताला काढलेले सोडून सगळं, मी ठेवलं होतं तसंच, वरच्या फडक्याच्या गाठीसकट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेर कसलाही आवाज नाही. एकही माग चालत नव्हता. चौदा घरांची गल्ली हात थांबवून माझं उकरणं ऐकत होती.

मी डबा मांडीवर धरून तशीच बसले. हलले तरी ऐकू गेलं असतं. मग समोरच्या घरातून आक्काचा आवाज आला, ओरडून नाही, नुसता विचारल्यासारखा:

"हाय न्हवं गं सगळं?"

काय करणार? खड्ड्यातूनच मी म्हणाले, "व्हय, आक्का."

"बरं," ती म्हणाली. आणि तिचा माग सुरू झाला. मग आप्पांच्या घरातला. मग त्याच्या पलीकडचा.